वीस वर्षांची वॅगन आर

सातिवलीच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवलेली होती. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट काढलं, ओलसर कार्पेट सोलून बाजूला केलं आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काढल्यावर त्या भोकातून गॅरेजची फरशी दिसत होती.

"सर, इंजन में जान है," मिस्त्री म्हणाले, "पत्रा गया."

गाडी 2005 ची आहे, एमएच-04. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. मी ती 2011 मध्ये दुसऱ्या हातची घेतली, तेव्हा मीटर बासष्ट हजारांवर होता. आज दोन लाख चौऱ्याहत्तर हजार आहे. आकडा ऐकून लोक भुवया उंचावतात, पण हिशोब साधा आहे. माझी शाळा भिवंडीत, घर वसईत. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या, त्यांची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळलीच नाही. मग चिंचोटी-कामण रस्त्याने रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. सोबत तीन शिक्षक, पेट्रोलचे पैसे चौघांत. त्या रस्त्यावरून कंटेनरच्या मागे खड्डे चुकवत कधी गेला असाल, तर माझ्या सस्पेन्शनवर किती खर्च झाला हे वेगळं सांगायला नको.

गाडी घेताना तपासली ती अब्बांनी. अब्बांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली. प्रीमियर पद्मिनी, ते तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि बिघडायची कुठेही, त्यामुळे ड्रायव्हरला अर्धा मिस्त्री असावंच लागे. कार्बोरेटर साफ करणं, पॉलिश पेपरने पॉइंट घासणं ही कामं ते रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून करायचे. 2008 मध्ये पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या टॅक्सी बंद करायचा नियम आला, आणि त्यांची 1982 ची गाडी भंगारात गेली. चालू गाडी, स्वतः चालवत नेऊन दिली. त्या दिवशी जेवले नाहीत.

वॅगन आर घेताना त्यांनी बॉनेट उघडून आधी कान लावला, मग ऑइलची पट्टी ओढून बोटांवर ऑइल चोळलं, वास घेतला. "घे," म्हणाले. आणि तिथेच अटी घातल्या. ऑइल दर पाच हजारांना बदलायचं, कंपनी काहीही म्हणो. टायमिंग बेल्ट लाखाच्या आत, तुटायची वाट बघायची नाही. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतायचं नाही. काटा लाल रेषेकडे सरकला की गाडी कडेला, मग शाळेत मस्टरवर लाल शेरा पडला तरी चालेल. मी बीएड केलं, तरी इतका नेमका पाठ मला कुणी दिला नाही.

या अटी पाळल्या म्हणून इंजिन टिकलं. दोनदा टायमिंग बेल्ट, दोनदा वॉटर पंप, तीनदा क्लचप्लेट, एक रेडिएटर. गेल्या वर्षी पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि माझ्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. इंजिन मात्र अजून उतरवलेलं नाही.

पण वसईत गाडी किलोमीटरने मरत नाही. खाडी, मिठागरं, समुद्राचा वारा. इथे पत्रा बसल्या जागी सडतो. त्यात 2018 चा जुलै. रेल्वे बंद, वीज बंद, आणि आमच्या इमारतीखाली उभ्या गाडीत सीटपर्यंत पाणी. पाणी ओसरल्यावर मी चावी घेऊन खाली धावलो तर अब्बा वरून ओरडले, "चावी लावू नकोस!" सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन अडतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग आतला दांडा वाकतो. आम्ही गाडी टो करून नेली. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, दुधाळ झालेलं ऑइल दोनदा बदललं. इंजिन वाचलं. मात्र फ्लोअरखालच्या बंद पोकळ्यांत शिरलेला खारा गाळ कुणाला दिसला नाही. सात वर्षं तो आतून पत्रा खात होता. अब्बा 2019 मध्ये गेले, नाहीतर त्यांनी कार्पेट नक्की उचललं असतं.

मिस्त्रींनी फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करायचे चौदा हजार सांगितले. सप्टेंबरमध्ये नोंदणीची मुदत संपत होती, म्हणजे पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, फी. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला नुकतेच पैसे भरलेले. बायको म्हणाली, "विकून टाका." भंगारवाला अठरा हजार देत होता. एक एजंट म्हणाला, "पंचावन्न मिळवून देतो. खाली लांबी भरू, नवं कार्पेट टाकू, मीटर नव्वद हजारांवर आणू."

मीटर मागे करायला मी नाही म्हणालो. लांबीलाही नाही म्हणालो. आणि स्वतःवर खूश झालो.

मग मीच ओळखीतून गिऱ्हाईक शोधलं. नायगावचा मुलगा, पंचविशीचा. आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षाचं भाडं परवडत नव्हतं. गाडी चालवून बघितली. पहिल्या सेल्फला चालू झाली, पिकअप ठीक. मीटरचा आकडा मी स्वतः दाखवला, बेल्टची, क्लचची बिलं दाखवली. अठ्ठेचाळीस हजारांना ठरलं. त्याने पाच हजार टोकन हातावर ठेवलं. या सगळ्या वेळात मॅट जागच्या जागी होतं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, ती हदीस मी किती वर्गांना सांगितली असेल. वरचं धान्य कोरडं, ओलं खाली दडवलेलं. पैगंबरांनी त्या व्यापाऱ्याला विचारलं होतं की ओलं वर का नाही ठेवलंस. माझ्या गाडीत तर ओल शब्दशः खालीच होती. मी एजंटासारखं काही रंगवलं नव्हतं, फक्त गप्प बसलो होतो, आणि दोन दिवस स्वतःला समजावत राहिलो की जुनी गाडी घेणाऱ्याला एवढं कळायला हवं. तिसऱ्या दिवशी कामणजवळ एका खड्ड्यात चाक आदळलं आणि पायाखाली काहीतरी करकरलं. मागे बसलेल्या बाईंनी विचारलं, "सर, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

त्या संध्याकाळी फोन करून त्याला बोलावलं, मॅट उचलून दाखवलं. पुराचंही सांगितलं. तो आभार मानेल असं मला कुठेतरी वाटत असावं. तो चिडला. "हे टोकन घेताना का नाही बोललात? मी दुसरी गाडी सोडली ना यासाठी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच हजार मोजून घेतले आणि गेला.

या सगळ्यात मुदत टळून गेली. 2020 मध्ये नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. आता वीस वर्षांपुढच्या मोटारीला ती दहा हजार झालीय, ऑगस्ट 2025 पासून. वेळेत अर्ज केला असता तर निम्म्यात भागलं असतं. मी गाडी खपवण्याच्या नादात होतो.

शेवटी सोसायटीतून कर्ज काढलं. डेंटरने दोन्ही बाजूंचा फ्लोअर कापला. आतला गाळ ओंजळीने निघाला, सुकून खडूसारखा झालेला. नवा पत्रा, वेल्डिंग, वर प्रायमर, खालून डांबरी कोटिंग. चौदाचे साडेसोळा झाले. मी बिल फाइलला लावलं आणि मागच्या बाजूला 2018 च्या पाण्याची नोंद स्वतःच्या अक्षरात केली, तारखेसह. पुढे गाडी कुणाकडेही गेली तरी फाइल सोबत जाईल.

पासिंग झालं, आरसी पाच वर्षांसाठी वाढली. सहकारी चिडवतात की सर, एवढ्यात चांगली बाइक आली असती. आली असती, पण तिच्यावर चौघं कसे बसणार?

परवापासून डावीकडे वळताना पुढच्या चाकातून टक-टक ऐकू येतंय. अ‍ॅक्सलचा जॉइंट असावा. शनिवारी शाळा सुटली की सातिवलीला जाईन.