मदत नव्हे, देणं

पीक गेलं की माणूस आधी गप्प होतो. शेजाऱ्यापाशी मन मोकळं करावं, तर त्याच्याही रानात तीच गत. मग एक दिवस सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो तलाठ्याकडे जातो. ज्याने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, तो ‘साहेब, यादीत माझं नाव आलंय का बघा की’ असं म्हणतो, तेव्हा त्याचा आवाज त्याचा राहत नाही. आमच्या मराठवाड्यात हा आवाज मी फार ऐकला आहे.

नियम असायलाच हवेत. पण नुकसान 33 टक्क्यांच्या आत दाखवलं गेलं, तर हाती काहीच पडत नाही. गावची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पादनाचा अंदाज, ठरते ती निवडक शेतांतल्या पीक कापणीवरून. विहिरीला पाणी असलेला बागायतदार आणि माळावरचा कोरडवाहू एकाच आकड्यात मोजले जातात. पीक एकदाच जातं. ते गेल्याचं सिद्ध मात्र दारोदार करावं लागतं.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर मातीची पाटी, हजेरीला मुकादम, मुलांना सुकडी आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती भाकरी तिच्या घशाखाली उतरत नसे. पण तलावाचा विषय निघाला की ती ताठ बसायची. “फुकट न्हाई खाल्लं आम्ही. तळं बांधलं,” म्हणायची.

1973 च्या उन्हाळ्यात अशा कामांवर महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या विचाराला त्या दुष्काळाने बळ दिलं. 1977 साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि काम मागणं हा गावातल्या माणसाचा हक्क ठरला. 2005 साली देशानेही तीच वाट धरली. आजीच्या ताठ बसण्याचं कारण मला या कायद्यामागच्या विचारात सापडतं. तिला कुणाच्या दयेवर जगावं लागलं नव्हतं.

नुसतं काम पुरेसं नाही, हेही खरं. अतिवृष्टीत मातीच वाहून गेली असेल, तर त्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई हवी, गाळ-माती हवी, पुढच्या पेरणीला बियाणं हवं. आणि हे सगळं पेरणीच्या आत हवं. हंगाम टळल्यावर खात्यात जमा झालेले पैसे सावकाराच्या घरी जातात.

शहरात नोकरी करणाऱ्यांनी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवरची व्यवसाय कराची कपात एकदा पाहावी. 1975 साली हा कर लागू झाला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहराने गावाच्या पडत्या काळाचा भार उचलायचा, असा तो करार होता. म्हणून गावाकडून हाक आली, तर तिला याचना समजू नका. ते आपलं देणं आहे आणि ते वेळेवर चुकतं व्हावं, यासाठी आवाज उठवणं हेही आपलंच काम आहे.