आम्ही, आपण आणि मेळघाट

तिवसा हे सीमेवरचे गाव आहे असे म्हटले, तर आमचे विद्यार्थीही हसतील. नागपूर–अमरावती महामार्गावरच्या गाड्यांना इथे कोणतीही सीमा दिसत नाही. तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पूल ओलांडला की जिल्हा तेवढा बदलतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ही नदी इतक्या सहजपणे ओलांडता येत नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या शेवटी अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करतो, यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांना ते वाटून देतो आणि मधली सीमा म्हणून वरदेकडे बोट दाखवतो. वरदा म्हणजे हीच वर्धा. पुढे १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहात नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. तोवर या मुलखात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. तहानंतर तो निजामाकडे गेला. कालिदासाच्या नाटकातली रेषा अशी कंपनी सरकारच्या कागदावर पुन्हा उमटली.

ती रेषा आज कुठे आहे? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि नदीचे राजकीय महत्त्व ओसरले. कौंडण्यपूरच्या काठावर उभे राहिले की पलीकडचा आर्वी तालुका परका वाटत नाही. रुक्मिणीचे माहेर म्हणून इकडचे जितके लोक तिथे येतात, तितकेच तिकडचेही येतात. आमच्या घरांतल्या कितीतरी सोयरिकी नदीपलीकडच्या आहेत. बोलण्याचा हेल थोडा बदलतो, भाषा तीच राहते. दोन्ही काठांवरची माणसे स्वतःला एकाच भाषेत ‘आपण’ म्हणू शकतात, म्हणून ही सीमा विरली असे आम्हाला वाटते.

देवगावच्या तहात एक अपवाद होता आणि आमचा खरा विषय तोच आहे. वर्धेच्या पश्चिमेचे सारे सोडताना गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले व त्यांच्या लगतचा चार लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख भोसल्यांकडेच राहिला. मैदानाची वाटणी नदीने केली, पण डोंगर त्या वाटणीत सरळ बसले नाहीत. तेही १८२२ पर्यंत निजामाकडे गेले. डोंगरांचे हे ‘न बसणे’ मात्र संपलेले नाही. जुन्या वर्णनांत वऱ्हाडचे तीन भाग सांगितलेले असतात : पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा पाईनघाट, दक्षिणेकडचा बालाघाट आणि उत्तरेकडचा मेळघाट. पहिल्या दोहोंना आपण नि:शंकपणे वऱ्हाड म्हणतो. तिसऱ्याविषयी बोलताना ‘तिकडे मेळघाटात’ असे म्हणतो. हे ‘तिकडे’ आमच्या कानाला अलीकडे खटकू लागले आहे.

परतवाड्याहून उत्तरेला निघाले की थोड्याच वेळात सपाट शेते संपतात आणि गाविलगडच्या रांगा चढू लागतात. सातपुड्याची ही दक्षिणेकडची शाखा. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी नावाची सोपी फोड केली जाते आणि रस्त्याची वळणे पाहिली की ती पटते. या रांगा म्हणजे मोठा पाणलोट. दक्षिण उतारावरचे पाणी पूर्णेला जाते, तर उत्तरेकडे खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या डोंगर कापत तापीला मिळतात. पुढे पूर्णाही तापीलाच मिळते, पण त्यासाठी तिला सगळे वऱ्हाड हिंडून यावे लागते. मेळघाटाचे पाणी जवळच्या वाटेने उत्तरेला जाते आणि तापीच्या काही पट्ट्यात पलीकडच्या तीरावर मध्य प्रदेश सुरू होतो. म्हणजे भूगोलाने या प्रदेशाचे तोंड उत्तरेकडे केले आणि राज्यव्यवस्थेने ते दक्षिणेकडे, अमरावतीकडे, वळवले.

या डोंगरांचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते, तो बहुतेक किल्ल्यांचा इतिहास आहे. १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीने गाविलगड बांधला. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने तो दुरुस्त केला आणि त्यानेच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा पाया घातला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलला या गडाच्या अभेद्यतेचे कौतुक होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला. त्याआधी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा कित्येक दिवस डोंगरवाटांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या होत्या, कारण गडाची कमजोर बाजू ती होती. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लू जिंकले, म्हणून गाविलगड युरोपच्या युद्धेतिहासातही एका ओळीचा धनी ठरला.

या साऱ्या वृत्तान्तात राजे आहेत, किल्लेदार आहेत, कर्नल आहेत. ज्या डोंगरांतून तोफा गेल्या, त्यांत राहणारे कोरकू मात्र जवळजवळ नाहीत. ते प्रकटतात इंग्रजी अंमलात, गॅझेटियरांत आणि जंगलखात्याच्या कागदांत. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर संपादिले. त्याच सुमारास मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले आणि रान जाळून केली जाणारी फिरती शेती आक्रसत गेली. ज्यांचे रान होते, त्यांची ओळख आता ‘ते’ अशी झाली. त्यांची संख्या, त्यांचे पीक, त्यांचे दैवत, त्यांचा स्वभाव असे सारे वर्णन तृतीयपुरुषी झाले. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला, पुढे गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न आले, १९९० च्या दशकात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. कागद बदलले तरी ‘ते’ हे सर्वनाम तसेच राहिले.

कोरकूंनी आपल्यापुरता इतिहास लिहिलाच नाही, असे मात्र नाही. मृतांच्या स्मरणासाठी ते सागवानी फळ्या कोरतात. त्यांना ‘मुंडा’ म्हणतात. त्यांवर चंद्र-सूर्य असतात, घोडेस्वार असतात. होळीच्या सुमारास मेघनाथाचा उंच खांब उभा राहतो, रस्त्यावर गाड्या अडवून हक्काने फगवा मागितला जातो. रामकथेतल्या पराभूत पक्षाचा वीर इथे पूजेला आहे. आपल्या आख्यानकाव्याची परंपरा शिकवणाऱ्यांनी या एका गोष्टीपाशी तरी थांबावे असे आम्हाला वाटते. कथा एकच असते, पण ती सीमेच्या कोणत्या बाजूने ऐकली यावर तिचा नायक ठरतो.

आता सीमेकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. तत्त्व भाषेचे होते : मराठी जिल्हे इकडे, हिंदी जिल्हे तिकडे. अमरावती जिल्हा मराठी, म्हणून त्यातला मेळघाटही मराठी. बैतूल आणि निमाड हिंदी, म्हणून तिथले डोंगर हिंदी. या हिशेबात कोरकूसाठी रकाना नव्हता. तापीच्या दोन्ही अंगांना एकच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरीक करणारी माणसे दोन राज्यांत विभागली गेली. इकडच्या मुलांच्या हाती मराठी क्रमिक पुस्तक आले आणि तिकडच्या मुलांच्या हाती हिंदी. घरी दोघेही कोरकूच बोलत होते.

असे प्रसंग जगात इतरत्रही घडले आहेत आणि त्यांतला एक आम्हाला फार जवळचा वाटतो. दक्षिण अमेरिकेत १७५० साली स्पेन आणि पोर्तुगाल यांनी माद्रिदच्या तहाने आपल्या वसाहतींच्या हद्दी ठरवल्या. उरुग्वे नदीच्या पूर्वेकडची सात ख्रिस्ती मिशनगावे पोर्तुगालच्या वाट्याला गेली आणि तिथल्या ग्वारानी लोकांना घरेदारे सोडून नदीपलीकडे जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. युद्ध झाले आणि १७५६ मध्ये दोन्ही साम्राज्यांच्या संयुक्त फौजेने त्यांचा मोड केला. आज ग्वारानी बोलणारे पॅराग्वे, अर्जेंटिना, ब्राझील आणि बोलिव्हिया अशा चार देशांत आहेत. मात्र पॅराग्वेने १९९२ च्या राज्यघटनेत ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा मानले. कोरकूच्या वाट्याला असे काही आले नाही. तिची नातलग संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर भाषिक असलेली कोरकू बाहेरच आहे.

नातलग हा शब्द आम्ही जाणून वापरला. कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात १९०६ च्या चौथ्या खंडात ती मुंडा गटात आहे. तिची भावंडे झारखंडाकडची मुंडारी आणि संथाळी, आणि दूरची नाती खासी व थेट कंबोडियाच्या ख्मेरपर्यंत पोचतात. या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा आपल्या जिल्ह्यात बोलली जाते, आणि तरी ‘मराठीच्या बोली’ या प्रश्नाच्या उत्तरात वऱ्हाडी, अहिराणीच्या पंगतीला कोरकू बसवलेली आम्ही दरवर्षी उत्तरपत्रिकांत पाहतो. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांनी स्वतःला दिलेले नाव एवढे साधे आहे.

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात सर्वनामे शिकवताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद समजावत होतो. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’त तो असतो. हिंदीच्या ‘हम’ला आणि इंग्रजीला ही सोय नाही, म्हणून मराठीचे थोडे कौतुकही चालले होते. धारणीकडची एक विद्यार्थिनी, वर्गात सहसा न बोलणारी, म्हणाली, “सर, आमच्यात हे दोन्ही आहे. आणि दोघांसाठी अजून वेगळं आहे. तुम्ही न् मी, एवढेच दोघं, त्याला एक शब्द आहे. मी अन् दुसरी कोणी, तुम्ही नाही, त्याला दुसरा.” वर्ग गप्प झाला. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच टाकले. इथे ते जिवंत होते, आणि वर श्रोत्याला आत घेणारे व बाहेर ठेवणारे अशा दोन रूपांत होते. आम्ही जिला पहिला प्रश्नही विचारायला कचरत होतो, ती मुलगी घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि वर्गात मराठी बोलते. आमच्या तिवस्याच्या मुलाला ‘मले’ सोडून ‘मला’ लिहायचे एवढेच ओझे असते. तिचे ओझे तिपटीचे आहे आणि आपल्या गुणपत्रिकेत त्याला एकही गुण नाही.

योगायोग असा की ग्वारानीतही ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला सोडून असे दोन ‘आम्ही’ आहेत. सीमांनी ज्यांची वाटणी केली, त्या दोन्ही भाषांत कोण आत आणि कोण बाहेर याचे व्याकरण राज्यकर्त्यांच्या भाषेपेक्षा सूक्ष्म आहे. यातून सिद्धान्त काढण्याचा मोह आम्ही टाळतो. मराठीपाशीही हा भेद आहे, हे मात्र विसरता येत नाही. हिंदी प्रशासकाला ‘हम’ म्हणून सुटता येईल. मराठी माणसाला प्रत्येक वेळी निवड करावीच लागते.

‘दुर्गम’ हे विशेषण वर्तमानपत्रांत मेळघाटाला जणू उपपदासारखे लागते. दुर्गम म्हणजे जिथे जाणे कठीण. पण कोणाला, कुठून? हतरूच्या माणसाला हतरू दुर्गम नाही, त्याला अमरावतीचे जिल्हा रुग्णालय दुर्गम आहे. अंतर दोन्हीकडून सारखे असते, पण ते मोजण्याचा अधिकार एकाच टोकाकडे आहे. अमरावतीत सिपना नावाचे महाविद्यालय आहे, ते नाव रोज हजारो तोंडी असते. सिपना हा कोरकू शब्द आहे, त्याचा अर्थ साग. एवढे एक नाव डोंगर उतरून शहरात आले आणि कोणालाही परके वाटले नाही. मग बाकीचे शब्द घाटात का अडून राहावेत?

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. लीळाचरित्राची भूमी असलेल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. तिवस्याहून ते फार लांब नाही आणि तिथून उत्तरेला गेले की मेळघाटही फार लांब नाही. चक्रधरांनी पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत बोलण्याचा आग्रह धरला, हे आपण दरवर्षी शिकवतो. तो आग्रह मराठीपुरता होता की लोकांच्या भाषेसाठी होता, याचे उत्तर या जिल्ह्यातल्या मराठी विभागांनी द्यायचे आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला तौलनिक उदाहरण म्हणून फ्रेंच आणि जर्मन घेण्याऐवजी समोरच्या बाकावरची कोरकू घेता येईल. धारणी-चिखलदऱ्याची मुले त्या तासाला शिकवतील आणि बाकीचे शिकतील. यासाठी कोणत्याही आयोगाची परवानगी लागत नाही. त्या तासाला फळ्यावर ‘आपण’ लिहिताना त्यात कोण कोण आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागेल.