एकाच सांच्यांतील तबकड्या

चेंडू कशाचा केलेला आहे, हें खेळणारा मुलगा क्वचितच विचारतो. चेंडू चांगला उसळला म्हणजे त्याचें समाधान होतें. परंतु कांहीं खेळ असे आहेत कीं, त्यांत खेळण्याचें साधन कोणत्या द्रव्याचें आहे, यावरच खेळणाराचें बरेंचसें यशापयश अवलंबून असतें. अशा एका खेळाची व त्यांतील साधनांची थोडी माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, आणि ती मिळवितांना माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनांत जे विचार आले तेही त्यांच्यापुढें ठेवावे, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

इ. स. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मी अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना शहरीं, माझ्या वडील बहिणीकडे राहिलों होतों. तेथें डोंगराच्या पायथ्याशीं जुन्या ओक वृक्षांची एक राई आहे. तिला पूर्वीं ओक ग्रोव्ह पार्क म्हणत. आतां त्या उद्यानास हहामोंग्ना असें, तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून घेतलेलें नांव आहे. शेजारींच मंगळावर यानें उतरविणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही सुप्रसिद्ध संस्था आहे. तिकडे शास्त्रज्ञ आकाशाचा ठाव घेत आहेत, आणि इकडे झाडांखालीं लहानथोर माणसें प्लॅस्टिकच्या तबकड्या फेंकीत हिंडत आहेत, असें मौजेचें दृश्य मला दिसलें. माझा भाचा त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत होता व या खेळाचा मोठा शोकी होता. त्याच्या बरोबर मीही रोज सकाळीं तेथें जाऊं लागलों.

या खेळास डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फच्या खेळांत चेंडू काठीनें मारून खळग्यांत घालावयाचा असतो. येथें चेंडूच्या जागीं तबकडी, काठीच्या जागीं खेळणाराचा हात, आणि खळग्याच्या जागीं खांबावर बसविलेली लोखंडी टोपली असते. टोपलीवर सांखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांवर आपटून टोपलींत पडली म्हणजे तो टप्पा पुरा झाला. सर्वांत कमी वेळां फेंकून जो सर्व टप्पे पुरे करील तो जिंकला. या खेळाचें पहिलें कायमचें मैदान याच राईंत एड हेड्रिक नांवाच्या गृहस्थानें १९७५ सालीं आंखलें. सांखळ्यांच्या टोपलीची युक्तीही त्याचीच, आणि १९७६ सालीं या खेळाडूंची संस्थाही त्यानेंच स्थापन केली.

उडत्या तबकडीचा इतिहास हा एका अर्थीं योग्य द्रव्याच्या शोधाचा इतिहास आहे. १९३८ च्या सुमारास फ्रेड मॉरिसन नांवाचा तरुण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केक भाजण्याच्या पत्र्याच्या थाळ्या फेंकण्याचें खेळणें म्हणून विकीत असे. पांच सेंटांची थाळी पंचवीस सेंटांस जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ सालीं, त्यानें एका भागीदाराच्या साह्यानें प्लॅस्टिकची थाळी काढली. पण तें प्लॅस्टिक ठिसूळ होतें, आपटलें कीं फुटे. पुढें मऊ व चिवट प्लॅस्टिक हातीं आलें, आणि १९५७ सालीं व्हॅम-ओ कंपनीनें मॉरिसनची सुधारलेली थाळी बाजारांत आणिली. फ्रिस्बी या नांवानें जगभर गेली ती हीच. १९८३ सालीं डेव्ह ड्युनिपेस या खेळाडूनें तबकडीची कड निमुळती केली, आणि तेव्हांपासून हवा कापीत लांब जाणाऱ्या आजच्या तबकड्या निघूं लागल्या. नियमाप्रमाणें तबकडीचा व्यास निदान २१ सेंटिमीटर असावा लागतो, आणि व्यासाच्या दर सेंटिमीटरास ८.३ ग्रॅमपेक्षां अधिक वजन चालत नाहीं. २१ सेंटिमीटरांच्या तबकडीचें वजन फार तर किती असावें, हा गुणाकार विद्यार्थ्यांनींच करून पाहावा.

एके दिवशीं भाच्यानें माझ्यापुढें गवतावर तीन नव्या तबकड्या मांडल्या. तिन्ही इनोव्हा कंपनीच्या, तिन्ही एकाच सांच्यांतून निघालेल्या. सांच्याचें नांव लेपर्ड, म्हणजे बिबळ्या. प्रत्येकीवर तेच चार आंकडे छापलेले होते: ६, ५, उणे २ आणि १. पहिला आंकडा वेगाचा, दुसरा हवेंत तरंगण्याचा, तिसरा वेगांत असतांना एका बाजूस कलण्याचा, आणि चौथा वेग मंदावल्यावर उलट बाजूस ढळण्याचा.

“मामा, तुम्हांला या तिन्हींत काय फरक दिसतो?” त्यानें विचारलें.

“रंगाचा,” मीं उत्तर दिलें.

“मग हातांत घेऊन पाहा.”

पहिली डीएक्स नांवाच्या साध्या प्लॅस्टिकची, तिन्हींत स्वस्त. ती बोटांत चांगली बसते, आणि जराशा घासण्यानेंही तिच्यावर ओरखडा उठतो. दुसरी चँपियन नांवाच्या प्लॅस्टिकची. ती कांचेसारखी अर्धपारदर्शक, कडक व गुळगुळीत असून झाडावर आपटली तरी सहसा खूण धरीत नाहीं. तिसरी स्टार जातीची. तिची पकड डीएक्सच्या जवळची, तर टिकाऊपणा चँपियनच्या जवळचा. या दोन्हींची किंमत पहिलीच्या सुमारें दुप्पट असते. डिस्क्राफ्ट या दुसऱ्या कंपनीच्या मालांत प्रो-डी, झी आणि ईएसपी या जाति साधारणपणें याच तीन पायऱ्यांवर बसतात.

नंतर आम्हीं त्या फेंकून पाहिल्या. वारा अगदीं पडलेला होता. उजव्या हातानें, हात छातीपुढून मागें नेऊन उलट्या बाजूनें फेंकण्याची रीति तेथें रूढ आहे. तशा फेंकींत तबकडी घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरत जाते. माझ्या हातची डीएक्स सरळ गेली, मध्यावर किंचित् उजवीकडे कलली, आणि सावकाश तरंगत उतरली. स्टार कमी कलली व उतरतांना थोडी डावीकडे आली. चँपियन मात्र थोडें अंतर जातांच डावीकडे ढळून जमिनीवर पडली. क्रम बदलून पुन्हां पुन्हां फेंकल्या, तरी फळ तेंच. माझ्या भाच्याचा हात जोरकस. त्याच्या हातून डीएक्स उजवीकडे इतकी वळे कीं झाडींत शिरे, आणि जी चँपियन माझ्याशीं अबोला धरून होती तीच त्याच्या हातून बाणासारखी सरळ जाऊन, अगदीं शेवटीं डावीकडे वळून, टोपलीजवळ उतरे. आंकडे तेच, सांचा तोच, आणि वर्तन इतकें निरनिराळें!

याचें कारण समजण्यास आपला भोंवरा उपयोगी पडेल. फिरत्या भोंवऱ्यास बाजूनें ढकललें तर तो ढकललेल्या दिशेस न पडतां तिच्याशीं काटकोनांत कलतो. तबकडीचेंही तसेंच आहे. वेग मंद असतो तेव्हां हवेचा उचल देणारा दाब तबकडीच्या मध्याच्या पुढें पडतो व तिचें पुढचें टोंक वर उचलूं पाहतो. तबकडी फिरती नसती तर तिनें नाक वर केलें असतें. पण ती फिरत असल्यामुळें तो धक्का काटकोनांत वळतो आणि ती डावीकडे कलते. वेग फार असेल तेव्हां हा धक्का उलट, म्हणजे नाक खालीं दाबणारा होऊं शकतो, आणि मग ती उजवीकडे कलते. माझ्यासारख्याच्या मंद फेंकींत पहिली अवस्था लवकर येते. जोरकस हातांत दुसरी अधिक वेळ टिकते.

आतां यांत प्लॅस्टिकचा संबंध कोठें येतो? तापवून पातळ केलेलें प्लॅस्टिक पोलादी सांच्यांत दाबून भरतात. सांचा एकच असला तरी प्रत्येक द्रव्य निवतांना आपापल्या प्रमाणानें आकसतें. त्यामुळें एका तबकडीचा माथा घुमटासारखा किंचित् उंच राहतो, दुसरीचा सपाट होतो; एकीच्या कडेवरील सांध्याची रेषा जराशी वर राहते, दुसरीची खालीं येते. हा फरक केसाएवढा असतो, पण हवेला तो कळतो. कडेची रेषा उंच असली म्हणजे तबकडी डावीकडे ढळण्याचा आग्रह अधिक धरते. माथा घुमटदार असला म्हणजे ती अधिक वेळ तरंगते. एकाच द्रव्याच्या दोन घाण्यांतही असा थोडा फरक पडतो, म्हणून जाणते खेळाडू दुकानांत तबकडी डोळ्यांच्या रेषेंत धरून तिचा माथा व कड निरखून घेतात. यांशिवाय हवामानाचाही परिणाम होतो. थंडींत कडक प्लॅस्टिक अधिकच कडक व निसरडें होतें. उलट उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तबकडी राहिली तर मऊ होऊन वांकते.

परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट मला पुढेंच कळली. भाच्याच्या पिशवींत एक चौथी तबकडी होती. तीही लेपर्ड, तीही डीएक्स. मात्र चार वर्षांची जुनी. तिचा पिवळा रंग विटलेला, कडेवर झाडांचे घाव, ठिकठिकाणीं चिरा नाहींत पण खोंचे पडलेले. आपल्याकडे अशी वस्तु भंगारांत जावयाची. पण तो ती कोणास हात लावूं देईना. साधें प्लॅस्टिक घाव खातें, आणि प्रत्येक घावानें कडेचा आकार थोडा बदलतो. नवी असतांना ती शेवटीं जो थोडा डावा कल घेत असे, तो झिजून गेला होता. आतां ती अगदीं हळू फेंकली तरी सरळ जाई, किंवा उजवीकडे मोठें, सावकाश वळण घेई. असें वळण नव्या तबकडीकडून काढतां येत नाहीं. नियमाप्रमाणें तबकडी तिचें उड्डाण बदलण्यासाठीं कोरतां किंवा तासतां येत नाहीं, आणि तडा गेलेली किंवा भोंक पडलेली खेळांत चालत नाहीं. परंतु खेळतां खेळतां जी झीज होते ती मान्य आहे. त्यामुळें कित्येक खेळाडू एकाच सांच्याच्या नवी, मध्यम व जुनी अशा तीन डीएक्स तबकड्या बाळगतात व प्रत्येकीस तिचें तिचें काम देतात. चँपियन वर्षानुवर्षें जशीच्या तशी राहते. ज्यास प्रत्येक दिवशीं तेंच उड्डाण हवें त्यास ती मोलाची. या द्रव्यावर या लोकांचा जीव किती असतो, हें हेड्रिकच्या अखेरीवरून दिसतें. तो २००२ सालीं वारला, तेव्हां त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्यें मिसळून कांहीं तबकड्या ओतण्यांत आल्या.

एका शनिवारीं आमच्या पुढें एक गृहस्थ आपल्या दहाएक वर्षांच्या मुलीस खेळ शिकवीत होते. मुलीच्या हातांत नवीकोरी, निळी, कांचेसारखी चमकणारी तबकडी होती. बापानें उत्तमांतली उत्तम म्हणून ती घेतली असावी. मुलगी मनापासून फेंकी, आणि तबकडी दर वेळीं डावीकडे वळून पंधरावीस पावलांवर झुडुपांत पडे. बाप धीराचा होता. पाऊल असें ठेव, मनगट असें धर, असें समजावून सांगे. पांचव्या सहाव्या खेपेस मुलीनें तबकडी आणावयास जाण्याचें नाकारलें. “मला येतच नाहीं,” असें म्हणून ती बांकावर जाऊन बसली.

भाच्यानें माझ्याकडे पाहिलें, पिशवींतून आपली ती पिवळी, खोंचे पडलेली तबकडी काढली, आणि बापाची परवानगी घेऊन मुलीपुढें धरली. तिनें आधीं नाक मुरडलें. मग उठून फेंकली. हात तोच, मनगट तेंच, पाऊलही तसेंच चुकीचें. पण तबकडी ओकांच्या मधून सरळ तरंगत गेली. मुलगी ती उतरेपर्यंत हालली नाहीं. नंतर ती आणावयास जी धांवली, ती बापानें हांक मारली तरी थांबली नाहीं. तासभर ती खेळली. जातांना बापानें ती तबकडी विकत मागितली. भाचा म्हणाला, “ही देतां येणार नाहीं, ही व्हावयास चार वर्षें लागलीं. तिला साधी डीएक्स घेऊन द्या, जरा हलक्या वजनाची. ती तिच्या हातून झिजूं द्या. ही निळी जपून ठेवा. तिचा हात तयार झाला म्हणजे तिला हीच लागेल.”

त्या मुलीचे “मला येतच नाहीं” हे शब्द मी विसरूं शकलों नाहीं, कारण ते मला परिचयाचे आहेत. वीस वर्षें मी वर्गांत ते ऐकत आलों आहें. आम्ही शिक्षक एकच पुस्तक, एकच तास, एकच परीक्षा यांच्या सांच्यांत चाळीस मुलें घालतों, सर्वांवर तेच आंकडे छापतों, आणि उड्डाण निराळें झालें म्हणजे मुलाच्या हाताला बोल लावतों. द्रव्य निरनिराळें, तेव्हां तें निवण्याची रीतिही निरनिराळी असणार, हें पोलादी सांचा करणारा कारागीर जाणतो. मग तें आम्हांस जाणण्यास काय हरकत आहे?

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलास कांहीं घेऊन देतांना, मग तें खेळणें असो, पुस्तक असो कीं अभ्यासक्रम असो, सर्वांत महाग कोणतें हें विचारण्यापूर्वीं, आज माझ्या मुलाच्या हाताचा वेग किती आहे, हें पाहावें. चँपियन वाईट नाहीं. तिची वेळ यावी लागते. आणि विद्यार्थिमित्रांनो, एखादी गोष्ट पांच वेळां करून डावीकडेच पडली, तर बांकावर जाऊन बसण्यापूर्वीं हातांतलें साधन एकदां बदलून पाहा. दुसऱ्या पद्धतीनें गणित मांडून पाहा, दुसऱ्याच्या तोंडून धडा ऐकून पाहा, सोप्या पुस्तकापासून आरंभ करून पाहा. तरीही साधलें नाहीं, तर मजकडे या. माझ्या मेजाच्या खणांत एक साधी डीएक्स लेपर्ड आहे. ती मीं भाच्याकडून निघतांना मागून आणिली आहे, आणि शनिवारीं शाळा सुटल्यावर मैदानावर ती कोणासही मिळेल. तिच्यावर ओरखडे पडले तर मी रागावणार नाहीं.