सरचिटणीसांचा अहवाल

शेतकरी कामगार पक्षाचे अधिवेशन कुठेही भरो, तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या जळकोटात ते दुसऱ्यांदा व्हायचेच. आधी तिकडे, मांडवात. मग तात्या परतले की आमच्या ओसरीवर. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. धोतराच्या घडीत जपून आणलेला सरचिटणीसांचा अहवाल ते मला वाचायला देत. मी शाळकरी पोर. 'साम्राज्यवाद', 'उत्पादनाची साधने' असले शब्द मी अडखळत वाचायचो आणि समोर बसलेली माणसे मन लावून ऐकायची. कितीतरी जणांना अक्षरओळखही नसायची. मध्येच कुणी विचारी, "तात्या, ह्यात जवारीच्या भावाचं काय म्हनलंय?" की वाचन थांबे. तो ठराव सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.

आमच्या भागाला हा पक्ष आपला का वाटला, ते गावातून जाणाऱ्या रस्त्याच्या इतिहासावरून कळते. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यात शिरलेल्या भारतीय फौजांनी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटात शिरले. दुपारी ते उमरग्यात होते. निजाम गेला, पण सावकार आणि जमिनीचा प्रश्न जागेवरच राहिला. त्याच वर्षी केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांचा गट काँग्रेसमधून बाहेर पडून स्वतंत्र पक्ष म्हणून उभा राहत होता. आमच्याकडे त्या पक्षाला चेहरा दिला तो ईर्ल्याच्या भाई उद्धवराव पाटलांनी. तात्यांच्या पिढीला पुढारी म्हणजे मोटारीतून उतरणारा माणूस एवढेच ठाऊक होते. उद्धवरावांशी मात्र वाद घालता येई, आणि ही तात्यांच्या आयुष्यातली मोठी मिळकत होती. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

तात्यांनी कोनाड्यात जपलेल्या पक्षाच्या कागदांच्या गठ्ठ्यात सर्वांत जुना होता दाभाडीचा प्रबंध. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाची वाट उघडपणे स्वीकारली. त्याची पक्षाला जबर किंमत मोजावी लागली. माणसे दुरावली, १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले, पुढे मोरेही गेले आणि १९६२ ला पुण्याहून काँग्रेसचे खासदार झाले. कॉलेजात असताना मी तो प्रबंध पुन्हा वाचला आणि चकित झालो. शेतकऱ्यांचा पक्ष लेनिनचे नाव घेऊन उभा राहतो, चुकतो, फुटतो, पण कशावरून फुटला ते छापील कागदावर वाचता येते! जळकोटच्या ओसरीवरचा माणूसही त्यात बाजू घेऊ शकत होता. तात्यांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'बारक्या शेतकऱ्याचे काय?' त्या प्रश्नासाठी त्यांना कुणी पक्षाबाहेर काढले नाही.

मग चांगले दिवस आले. १९७७ ला उद्धवराव लातूरहून लोकसभेवर गेले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री झाले. तुळजापूरनेही माणिकराव खपल्यांच्या रूपाने शेकापचा आमदार पाहिला. तात्यांना वाटले, आता आपले राज्य आले. मला आज वाटते, नेमक्या त्याच वर्षांत पक्षाने मराठवाड्यातली पुढची फळी उभी करायला हवी होती. माणसे होती. तालुक्यातालुक्यांत मोर्चे काढणारी, दुष्काळी कामांवर मजुरीसाठी भांडणारी, तिशी-पस्तिशीची माणसे. उद्धवराव १९८४ मध्ये गेले आणि त्यांच्यामागे कोण, याचे उत्तर आमच्या जिल्ह्याला मिळाले नाही. अहवाल येत राहिले, तात्यांच्या खुणा कमी होत गेल्या. एका वर्षी त्यांनी पुस्तिका उघडलीच नाही. ती तशीच घडी न मोडलेली माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर हात ठेवला की मला राग येतो. सत्ता गेली म्हणून हा राग नाही. ज्या माणसाने उभे आयुष्य या कागदांवर विश्वास ठेवला, त्याला विचारण्यासारखे काही त्यांत उरले नव्हते, त्याचा तो राग आहे.

गणपतराव सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले. ३० जुलै २०२१ ला ते गेले, जानेवारी २०२२ ला एन. डी. गेले. दोघांच्याही साधेपणाच्या आठवणी सांगताना लोक थकत नाहीत. पण साधेपणा हा एका माणसाचा गुण आहे. पक्ष चालवायचा तर गुण हस्तांतरित करण्याची सोय लागते. जुलै २०२४ मध्ये सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले. पुढच्याच महिन्यात पंढरपुरात अधिवेशन भरले आणि बातम्या आल्या त्या अलिबागच्या पाटील घराण्यातल्या नाराजीच्या. ऊस, सोयाबीनचा भाव, पीकविमा यांवर काय ठरले, हे मला वर्तमानपत्रात शोधावे लागले. पराभवानंतर अवघ्या तीन आठवड्यांत भरलेल्या त्या मांडवात खरे तर नेतृत्वाचाच प्रश्न मोकळेपणाने यायला हवा होता. सरचिटणीसपद पुन्हा जयंत पाटलांकडेच राहिले. पुढे २०२५ मध्ये त्यांचे बंधू, माजी आमदार पंडित पाटील भाजपमध्ये गेले. दाभाडीनंतर जेधे गेले तेव्हा त्यामागे एक मतभेद होता. या जाण्यामागचा मतभेद मी ओसरीवर वाचून दाखवू शकत नाही.

तरी नोव्हेंबर २०२४ ला सांगोल्यात गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. विधानसभेत पक्षाची ती एकच जागा. ते घराण्यामुळे जिंकले की कामामुळे, हे ठरवायला वेळ आहे. नातू आहे म्हणून त्यांना आधीच बाद करणे मला पटत नाही. त्यांनी आता सभागृहात सांगोल्यापलीकडचे, आमच्या कोरडवाहू रानांचे बोलले पाहिजे. आणि पक्षाने पुढचे अधिवेशन मराठवाड्यात घ्यावे, उमरगा, तुळजापूर, कुठेही. सरचिटणीस गुप्त मतदानाने निवडावा, एकाला दोनदाच ते पद मिळावे, आणि त्याचा अहवाल महिनाभर आधी गावोगाव पाठवावा. जळकोटला एक प्रत पुरेल. वाचायला मी आहे, आणि भावाचा ठराव कुठल्या पानावर आहे हे विचारणारी माणसे अजून गावात आहेत.