खिंडार आणि घरधनी

विनोदी चौर्यकथेचा वाचक स्वतःच्या घराला कुलूप लावूनच वाचायला बसतो. चोराच्या चातुर्याने तो सुखावतो आणि ते चातुर्य आपल्या दारापर्यंत येऊ नये याची तरतूदही करून ठेवतो. या दोन इच्छांतील विसंगती त्याला जाणवत नाही असे नाही. किंबहुना ती जाणवत असूनही तिचा जाच होऊ नये, अशी व्यवस्था करणे हेच या वाङ्मयप्रकाराचे मुख्य कार्य होय. ही व्यवस्था कशी केली जाते आणि तिची किंमत कोण मोजते, हे पाहण्यासाठी अलीकडच्या एका अमेरिकन कादंबरीमालेइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

जॅनेट इव्हानोविच आणि ली गोल्डबर्ग यांनी २०१३ मध्ये 'द हाइस्ट' ही कादंबरी लिहून या मालेचा आरंभ केला. इव्हानोविच यांचे नाव तोवर स्टेफनी प्लम या न्यू जर्सीतल्या नायिकेच्या विनोदी कादंबऱ्यांमुळे सर्वतोमुखी झालेले होते. गोल्डबर्ग हे दूरचित्रवाणीच्या मालिका लिहिण्यात मुरलेले. 'द चेस' आणि 'द जॉब' (दोन्ही २०१४), 'द स्कॅम' (२०१५) आणि 'द पर्स्यूट' (२०१६) या पुढील कादंबऱ्याही या जोडीनेच लिहिल्या. त्यानंतर 'द बिग काहुना' (२०१९) पीटर इव्हानोविच यांच्या, तर 'द बाउंटी' (२०२१) स्टीव्ह हॅमिल्टन यांच्या सहलेखनातून आली. लेखक बदलले, तरी मूळ मांडणी बदलली नाही. केट ओ'हेअर ही एफ.बी.आय.ची कर्तव्यकठोर अधिकारी. निकोलस फॉक्स हा देखणा, हजरजबाबी महाठक. केट त्याचा दीर्घकाळ पाठलाग करते, अखेर त्याला पकडते, आणि तो निसटतो. मग तिला कळते की त्याच्या सुटकेला तिच्याच वरिष्ठांची फूस होती. कायद्याचे हात जिथवर पोहोचत नाहीत तिथल्या गुन्हेगारांना ठकवण्यासाठी संस्थेला ठकसेन हवा आहे, आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी केट. करार तोंडी आणि गुप्त असतो. उघडकीला आलाच, तर संस्था कानांवर हात ठेवणार.

चोर आणि शिपाई यांची ही सोयरीक नवी नव्हे. फ्रान्समधील विडॉक (१७७५–१८५७) याने आपल्या एकाच आयुष्यात दोन्ही भूमिका वठवल्या. अनेकदा तुरुंगातून पळालेला हा माणूस पुढे पॅरिसच्या गुप्त पोलीस पथकाचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या हाताखाली माजी गुन्हेगारांचीच भरती केली. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने या एका माणसाची शकले करून ती निरनिराळ्या पात्रांना वाटून दिली. बाल्झाकचा वोत्रँ हा त्यांतलाच एक. इंग्रजी परंपरेत मात्र सभ्य चोराचा शेवट कसा करावा हा पेच बराच काळ राहिला. हॉर्नंगचा रॅफल्स क्रिकेटच्या मैदानात आणि उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत सारख्याच सहजतेने वावरतो. परंतु अखेर त्याला बोअर युद्धात देह ठेवावा लागतो. चेस्टरटनचा फ्लँबो फादर ब्राउनच्या सहवासात पश्चात्ताप पावतो आणि स्वतःच गुप्तहेर होतो. एकाची मृत्यूने सुटका, दुसऱ्याची हृदयपरिवर्तनाने. दोन्ही शेवटांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चोरीचा हिशेब कधीतरी चुकता करावा लागतो.

फॉक्स-ओ'हेअर मालेत हा हिशेबच बाद झालेला आहे. फॉक्सला मरायचेही नाही आणि पश्चात्तापही करायचा नाही. शिक्षेच्या जागी त्याला नोकरी मिळते. १९६८ ते १९७० या काळातील 'इट टेक्स अ थीफ' आणि २००९ ते २०१४ मधील 'व्हाइट कॉलर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांनी ही वाट आधीच रुळवलेली होती. मालेच्या रूपबंधालाही ही तडजोड मानवते. चोर सुधारला तर पुढची कादंबरी नाही; तुरुंगात गेला तरीही नाही. म्हणून केटच्या मनातील नैतिक द्वंद्व मिटू न देता केवळ खेळते ठेवायचे, आणि त्याला हळूहळू प्रणयाच्या अनिश्चिततेचे रूप द्यायचे, ही युक्ती योजली जाते. 'हे योग्य आहे का?' या प्रश्नाची जागा 'ही दोघे एकत्र येतील का?' हा प्रश्न केव्हा घेतो, ते वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

या कादंबऱ्यांतला विनोद कोठून उगम पावतो? केवळ संवादांच्या चटकदारपणातून नव्हे. फॉक्सची ठकबाजी ही मूलतः नाट्यनिर्मिती आहे. तो नट, गाडीवान, कारागीर असा संच जमवतो. बॉइड कॅपवेल हा नट खोट्या भूमिकेतही अभिनयकलेचा आग्रह सोडत नाही. विली ओवेन्स ही बाई चाके असलेले काहीही हाकायला एका पायावर तयार असते. केटचा निवृत्त सैनिक बाप जेक मुलीच्या मदतीला धावतो तो युद्धावर निघाल्यासारखा. खोटे घर, खोटी कागदपत्रे, खोटी माणसे यांचे नेपथ्य उभे राहते आणि त्यासमोर सावजाला आणून बसवले जाते. सावज म्हणजे आपण नाटक पाहत आहोत हे ठाऊक नसलेला प्रेक्षक. वाचकाला मात्र निवेदक पहिल्या अंकापासून पडद्यामागे उभा करतो. तेथून फजितीच दिसते. फसवणूक दिसत नाही. या हास्याचे रहस्य असे कथनदृष्टीत आहे.

आणि सावज तरी कोण? पहिल्या कादंबरीतील डेरेक ग्रिफिन हा गुंतवणूकदारांचा पैसा गिळंकृत करून इंडोनेशियातील एका बेटावर दडून बसलेला धनाढ्य. 'द स्कॅम'मध्ये मकाव येथील जुगारगृहाचा मालक. ग्रिफिनच्या मागे २००८ च्या आर्थिक अरिष्टाची सावली स्पष्ट दिसते. त्या अरिष्टानंतर बर्नार्ड मॅडॉफला १५० वर्षांची शिक्षा झाली खरी. परंतु मोठ्या बँकांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाही तुरुंगाची हवा खावी लागली नाही. न्यायालयात जे घडले नाही ते कादंबरीत घडावे, चोरावर मोर भेटावा, ही वाचकाची इच्छा अत्यंत स्वाभाविक होय. ती क्षुद्र नाही. परंतु तिच्या पूर्ततेसाठी रचनेने एक गोष्ट मुकाट्याने वगळलेली असते. ग्रिफिनने ज्यांना बुडवले ते ठेवीदार कथेत येतात ते प्रामुख्याने रकमेच्या रूपाने. आणि फॉक्सने आपल्या स्वतंत्र कारकिर्दीत ज्यांना लुबाडले त्यांच्याविषयी विचारण्याचे तर कारणच उरत नाही. चोरी होते, पण कोणाचे काही जात नाही.

येथे मराठी वाचकाला 'मृच्छकटिक' आठवणे अपरिहार्य आहे. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे शर्विलक मराठी रंगभूमीच्या ओळखीचा झाला. शूद्रकाच्या मूळ नाटकात तिसऱ्या अंकाचे नावच 'संधिच्छेद' असे आहे. शर्विलक चौर्यकर्माला शास्त्राची प्रतिष्ठा देतो. भिंतीला पाडावयाच्या खिंडाराचे कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे आकार मोजतो. मापनाची दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेतो. आत शिरल्यावर त्याला दिसतात ती वाद्ये आणि पुस्तके. घर दरिद्र्याचे आहे हे ओळखून तो परत फिरणार, तोच झोपेत बरळणारा विदूषक त्याला दागिन्यांचा डबा घेण्याची गळ घालतो. फॉक्सच्या कोणत्याही पराक्रमाहून हा प्रसंग हास्यकारकतेत उणा नाही. येथेही प्रेक्षक चोराच्याच बाजूने, पडद्यामागे उभा आहे.

परंतु शूद्रक तेथे थांबत नाही. रात्र संपते, घर जागे होते आणि नाटक चोराला सोडून घरधन्याकडे वळते. चारुदत्त खिंडार पाहतो आणि प्रथम त्याच्या देखणेपणाला दाद देतो. चोर आपल्या घरातून रिकाम्या हाताने गेला असेल याची त्याला खंत वाटते; काहीतरी घेऊन गेला हे कळताच बरे वाटते. येथवर हास्य अभंग आहे, नव्हे, अधिकच सूक्ष्म झालेले आहे. मग गेले ते दागिने वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो मूर्च्छित होतो. गरिबावर कोण विश्वास ठेवणार, हा त्याचा घोर आहे. धूता आपली रत्नावली काढून देते, तीही नवऱ्याचा अभिमान दुखावू नये म्हणून विदूषकाला दान दिल्याच्या मिषाने. आणि चारुदत्त त्याच विटांनी ते खिंडार बुजवून टाकायला सांगतो. चोराने घडवलेल्या कलाकृतीची किंमत एका स्त्रीच्या गळ्यातून वसूल झाली. पुढच्या अंकात मदनिका शर्विलकाला तो ऐवज परत करायला लावते, कारण तिला ठाऊक आहे की तो कोणाच्या घरातून आला आहे. चोरीत ज्याचे गेले त्याला चेहरा असूनही हास्य मावळत नाही, याचा याहून ठसठशीत पुरावा कोणता हवा?

फॉक्स-ओ'हेअर मालेतही हा चेहरा एकदा डोकावून जातो. 'द चेस'मधील चोरीचा विषय आहे एक कांस्य कोंबडा. तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातून पूर्वीच चोरीला गेलेला असतो आणि त्याच्या जागी नकली कोंबडा मांडलेला असतो. आता खरा कोंबडा चीनला परत करावयाचा आहे, म्हणून तो राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात पूर्वी अधिकारपदावर असलेल्या कार्टर ग्रोव्हकडून परत चोरणे भाग पडते. या कल्पितामागे खरा इतिहास आहे. पेकिंगजवळच्या युआनमिंगयुआन या राजोद्यानातील कारंज्याला राशिचक्रातील बारा प्राण्यांची कांस्य शिरे होती. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने ते उद्यान लुटून जाळले. त्यांतील उंदीर आणि ससा यांची शिरे २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात निघाली आणि २०१३ मध्ये चीनला परत मिळाली. हरवलेल्या शिरांत कोंबड्याचा समावेश होतो. कादंबरीने नेमकी हीच वस्तू निवडावी, यात एक मोठी शक्यता दडलेली होती: चोरीवर चोरी, तिच्यावर तिसरी चोरी, आणि या साऱ्यांच्या तळाशी एक जळालेले उद्यान. परंतु कथानकाची गती त्या उद्यानापाशी रेंगाळू देत नाही. कोंबडा ही पळवण्याची वस्तू राहते. कोणाच्या तरी घरातून गेलेली वस्तू होत नाही.

कायद्याने ठकाला हाताशी धरणे ही निव्वळ कादंबरीतली कल्पना नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९७८ ते १९८० या काळात एफ.बी.आय.ने 'ॲबस्कॅम' या नावाने ओळखली जाणारी मोहीम चालवली. मेल्विन वाइनबर्ग या व्यवसायाने ठक असलेल्या माणसाच्या सल्ल्याने एका काल्पनिक अरब शेखची कंपनी उभी करण्यात आली आणि लाच घेताना एक सिनेटर व सहा काँग्रेस सदस्य सापडले. त्या सर्वांना शिक्षा झाल्या. मोहीम यशस्वी झाली, तशीच वादग्रस्तही ठरली, आणि १९८१ मध्ये अशा छुप्या कारवायांसाठी लेखी नियम घालून देण्यात आले. वाइनबर्गला तुरुंग चुकला, वर मोबदलाही मिळाला. कर्ज मिळवून देण्याच्या मिषाने आगाऊ फी उकळणे हा त्याचा मूळ धंदा होता. ती फी देऊन बसलेली माणसे या यशोगाथेत कोठेच नाहीत. या प्रकरणावर बेतलेला 'अमेरिकन हसल' हा चित्रपट आला तेही २०१३ मध्येच, 'द हाइस्ट'च्याच वर्षी.

यावर असा आक्षेप घेता येईल की, विरंगुळ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांवर हे ओझे लादणे अप्रस्तुत आहे. आक्षेपात तथ्य आहे. मराठी वाचकानेही अर्नाळकरांचा काळापहाड नीतिशास्त्राची पोथी म्हणून वाचला नाही. परंतु हलकेपणाचेही प्रकार असतात. डोनाल्ड वेस्टलेकच्या 'द हॉट रॉक' (१९७०) मध्ये डॉर्टमंडर आणि त्याची टोळी एकच पाचू पुन्हा पुन्हा चोरतात आणि पुन्हा पुन्हा गमावतात. येथे ज्याचे जाते तो स्वतः चोरच असतो. त्यामुळे नुकसानाची जाणीव हास्याच्या आतच राहते. ऑर्वेलने १९४४ मध्ये रॅफल्सवर लिहिताना त्या सभ्य चोराची बाजू घेतली, तीही तो नीतिमान होता म्हणून नव्हे. काही गोष्टी करावयाच्या नसतात एवढी मर्यादा त्याला होती म्हणून. वाङ्मय हलके असूनही त्याला मर्यादेचे भान असू शकते, हाच या दोन्ही उदाहरणांचा इत्यर्थ.

फॉक्स आणि ओ'हेअर यांच्या कथा रंजक आहेत, कुशलतेने रचलेल्या आहेत, आणि त्यांना मिळालेला वाचकवर्ग अनाठायी नाही. त्यांच्यात उणीव आहे ती गांभीर्याची नव्हे, सकाळची. ठकबाजीची रात्र संपली की दुसऱ्या ठकबाजीची रात्र सुरू होते. मधल्या वेळी कोणाचे घर जागे होत नाही. कायदा आणि गुन्हा एकत्र नांदू लागले की तिसरा पक्ष निरुपयोगी ठरतो, आणि हा तिसरा पक्ष म्हणजे वस्तुतः वाचकच आहे: कुलूप लावून बसलेला, ठेव ठेवलेला, विश्वास टाकलेला. त्याला हसवण्यासाठी त्यालाच गोष्टीतून बाहेर काढावे लागते, याची खंत त्याला वाटत नाही, कारण पडद्यामागची जागा फार आरामाची आहे. शूद्रकाने त्याला तेथून उठवून खिंडाराच्या आतल्या बाजूला उभे केले. तेथूनही खिंडार सुंदरच दिसते. फक्त त्यातून थंड वारा आत येत असतो.