सामानाचं रजिस्टर

वेंगुर्ले,
25 जुलै 2025

प्रिय ज्योती,



सोमवारी रात्री फोनवर तू आधी पावसाबद्दल बोललीस, मग धाकट्याच्या अ‍ॅडमिशनबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "ताई, बाराही जण सुटले. मग ते केलं कोणी?" मी गप्प राहिले. असल्या गोष्टी मला फोनवर जमत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

कोर्टातलं मला कळत नाही. मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांसाठी 2015 मध्ये खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती, आता हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. ज्यांची तुरुंगात इतकी वर्षं गेली, त्यांचाही हिशोब कुणीतरी द्यायला हवाच. पण तुझ्या आवाजावरून वाटलं, की निकालाने काहीतरी मिटेल असं तू धरून बसली होतीस. मीही धरून होते गं.

11 जुलै 2006. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, घरी निघालेल्या माणसांमध्ये. 189 माणसं गेली, आठशेवर जखमी झाली. 108 नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स तेव्हा नव्हती. रुळांच्या आसपास राहणाऱ्यांनी घरातल्या चादरींत घालून माणसं आपल्या हॉस्पिटलात आणली, टॅक्सीतून, टेम्पोतून. इव्हिनिंग ड्यूटीच्या आपण सिस्टर तशाच थांबलो, कारण गाड्या बंद, नाइटच्या मुली पोचणार कशा?

लोक विचारतात, एवढं रक्त कसं बघवलं? रक्ताचं काय, ते तर कॅज्युअल्टीत रोजचंच. मला छळतं ते वेगळंच. आठवतं, आपण नाव विचारत होतो आणि माणसं नुसती आपल्या ओठांकडे बघत होती? कानाचे पडदे फाटलेले. आपण ओरडत होतो, त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही हे आपल्याला कळायलाही वेळ लागला. मग तू केसपेपरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'नाव?' लिहून प्रत्येकापुढे धरत फिरलीस. ते तुझं तुला सुचलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बाकावर नीट बसलेली माणसं. अंगावर फारसं काही नाही, "आधी त्याला बघा सिस्टर" म्हणणारी. स्फोटाच्या दाबाने फुफ्फुस आतून फाटतं, बाहेरून दिसत नाही. माणूस बोलता बोलता निळा पडतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी बाकाजवळून जाताना पाय अडखळायचे, कारण थांबलं तर ट्रॉलीवरचा जातो आणि पुढे गेलं तर बाकावरचा. कुणाकडे आधी जायचं, हे दर मिनिटाला ठरवत राहायचं आणि ठरवलेलं लगेच विसरायचं. त्या वेळी विसरता येतं. नंतर एकेक करून सगळं परत येतं.

डॉक्टरांनाही हे चुकलेलं नाही. पण त्यांचा पेशंट ओटीत जातो, तिथून वॉर्डात नाहीतर शवागारात. मागे उरतं ते आपल्याकडे येतं. सामानाचं रजिस्टर, ज्योती! पिवळ्या धातूची अंगठी एक. पांढऱ्या धातूचं घड्याळ एक, चालू स्थितीत. डबा एक, स्टीलचा. फर्स्ट क्लासचा पास, त्यासोबतच्या ओळखपत्रावरचा फोटो. डॉक्टरला पाय दिसतो, आपल्याला चपलेचा नंबर. मोबाइलच्या लाइन जाम होत्या तोवर बरं होतं. त्या सुटल्या आणि पिशव्यांमधले फोन वाजायला लागले. उचलून फक्त "हॉस्पिटलला या" एवढंच म्हणायचं. पलीकडचा माणूस आपल्या आवाजातून काय ते ओळखणार, म्हणून आवाज सपाट ठेवायचा. तो सपाट आवाज माझ्या घशात पुढे किती दिवस होता ते आमच्या ह्यांना विचार. जेवायला वाढतानाही तोच.

दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक झालं. मला त्या शब्दाचा राग आहे. घरी बसलं तर पगार कापला जातो, म्हणून लोक गाडीत चढले. आपणही मॉर्निंगला हजर झालो. बाटल्या किती लागल्या, टाक्यांचे सेट किती, रक्ताच्या पिशव्या किती, सगळं इंडेंटमध्ये आलं. आपल्यातल्या कितींना झोप लागली नाही याला कुठे रकाना होता? आणि फरशी पुसणाऱ्या मावशी, बॉडी उचलणारे मामा, त्यांना तर आपणही विचारलं नाही.

पुढे नर्सिंगची ट्यूटर झाल्यावर वाचायला सवड मिळाली. 1992 मध्ये कार्ला जॉइन्सन या अमेरिकन बाईने इमर्जन्सीच्या नर्सेसचा थकवा बघून 'कम्पॅशन फटीग' असं म्हटलं होतं. दुसऱ्याचं दुःख सोसता सोसता मनच सुन्न होणं. म्हणजे आपल्याला काय होतंय याला नाव होतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. दुसरंही एक वाचलं. अशा घटनेनंतर एकेकाला एकदाच बसवून बोलतं करायचं, ही पद्धत तिकडे बरीच चालली. संशोधनांच्या 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की एकाच बैठकीचा तसा उपयोग नाही, काहींना उलट त्रासच होऊ शकतो. तेव्हा आपल्याला कुणी बसवलं नाही याचं फार दुःख करू नकोस. झोप हवी होती. जेवण हवं होतं. रजिस्टर दुसऱ्या कुणीतरी हातातून काढून घ्यायला हवं होतं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ज्यांची झोप परतली नाही, त्यांना सायकियाट्रीच्या ओपीडीत जाताना लाज वाटायला नको होती.

26/11 च्या हल्ल्यानंतर कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे सगळ्यांना माहीत झाल्या. वॉर्डातल्या वीसेक गरोदर बायकांना त्यांनी वाचवलं, पुढे हल्लेखोर कसाबला ओळखलं, 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही बोलल्या. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच रात्री कसाबला आणलं नायरला, आणि तिथेही कुणीतरी सिस्टर ड्यूटीवर होत्याच. त्यांनी काय सोसलं, हे मला ऐकायला आवडेल. शौर्याची गोष्ट लगेच छापून येते. काम केल्याची गोष्ट विचारावी लागते.

'केलं कोणी' याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या हाताखाली पंचवीस मुली आहेत, त्यांच्यापुरतं सांगते. मोठी घटना झाली, की सामानाचं रजिस्टर एकटीला देऊ नकोस. दोघींना दे आणि दोन तासांनी बदल. फोनवर बोललेल्या मुलीला लगेच घरी एकटीला सोडू नकोस. मावशी-मामांचा चहा आधी सांग. आणि कुणी "मी ठीक आहे" म्हणाली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचार, ड्यूटी लावताना, सहज.

गणपतीत येतेस का? कोकणकन्येने कुडाळला उतर, भाचा न्यायला येईल. रिझर्व्हेशन आत्ताच बघ, वेटिंग भलतंच वाढलेलं असतं.

तुझी,
कुंदाताई