अर्धं वाक्य

दादा कोंडके वाक्य अर्ध्यावर सोडायचे. शब्द साधा, चेहरा त्याहून भोळा, ढगळ अर्ध्या विजारीची नाडी लोंबतेय. मग ते थांबायचे. उरलेलं वाक्य थिएटरातली माणसं मनातल्या मनात पुरं करायची आणि हशा फुटायचा. सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे खटके उडाले ते याच जागेवर. मी सरळ बोललो, वाकडा अर्थ तुम्ही काढलात, ही त्यांची बाजू. ती नुसती पळवाट होती असं मला वाटत नाही. द्वयर्थी बोलण्याला दुसरा माणूस लागतोच. पहिला अर्थ नटाचा, दुसरा ऐकणाऱ्याचा.

ठाण्यात, माजिवड्याला मी एकटी राहते. मुंबई, नाशिक आणि घोडबंदरचे रस्ते इथे नाक्यावर भिडतात, त्यामुळे गाड्यांची घरघर रात्रभर सोबतीला. अशाच एका रात्री टीव्हीवर 'सोंगाड्या' लागला होता. दादा बोलले, थांबले. ती जागा हशासाठी राखलेली, आणि हसायला खोलीत मी एकटी. हसू आलं, पण ओठांपर्यंतच. १९७१ साली थिएटर मिळवून द्यायला बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा कुठे हा चित्रपट दादरच्या कोहिनूरला लागला. तिथे त्या थांबण्यावर काय गदारोळ उठला असेल!

कॅमेरा हसत नाही. मग किती थांबायचं हे दादांना कसं कळायचं? वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'च्या शेकडो प्रयोगांनी ते त्यांच्या अंगात मुरवलं होतं. गावोगावचा प्रेक्षक त्यांनी कानांत साठवला होता. त्याच्या भरवशावर ते स्टुडिओतही, अजून न झालेल्या हशासाठी जागा सोडत. एवढा विश्वास माणसांवर टाकणारा नट मला फार मोठा वाटतो.

पडद्यावर त्यांचं दर वेळी जमायचं. घरी मात्र ते एकटे. १९७२ च्या चित्रपटाचं नाव 'एकटा जीव सदाशिव' आणि अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेल्या आत्मकथनाचंही 'एकटा जीव'. यावर लोक लगेच म्हणतात, हसवणारा आतून रडतच असतो. मला हे पटत नाही. दादांना एकटेपण सलत होतं, आणि ते त्यांनी न लाजता सांगितलंही. पण हसू हा त्या दुःखावरचा मुखवटा नव्हता. नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव मुखवट्यावर होत नाहीत. त्यांना माणसं हवी होती, आणि ती मिळवायची त्यांची रीत विनोद ही होती. एकट्या माणसाला हे पटकन कळतं.

रविवारी दुपारी मी काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाकडे निघते तेव्हा शेजारच्या काकू दारातून विचारतात, "एकटीच गं? कुणी नाही मिळालं सोबतीला?"

"मिळेल की तिथे," मी म्हणते.

आणि मिळतंच. तिकीट एकच काढते, पण शक्यतो मधल्या रांगेतलं, म्हणजे हशा चारी बाजूंनी येतो. परवा शेजारी साठीच्या एक बाई होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. रंगमंचावरचा नट एका शब्दाशी अडला, भाबडेपणाने आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही दोघी एकदमच फिसकन हसलो आणि एकमेकींकडे वळलो. दोघींनी एकच चावट अर्थ काढला होता, आणि ते दोघींनाही कळलं होतं.